विश्रांतवाडी ते नारायण पेठ, सिंगापूरमार्गे

दोघं एकमेकांनाच भेटायला निघाले होते, म्हणून तर त्यांची भेट होत नव्हती.

ऑगस्टमधला मंगळवार. गणेशखिंडीचा रस्ता, मेट्रोचा खांब आणि खांबाखाली दुभाजकाचा वीतभर कट्टा. त्या कट्ट्यावर पूर्वा लवाटे फाइल छातीशी धरून उभी होती. पाऊस पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. नुसती भुरभुर… मत असलेल्या पण सही न करणाऱ्या माणसासारखी. तिच्या शेजारी, विरुद्ध दिशेला तोंड करून, एक उंच तरुण उभा होता. त्याच्या चष्म्यावर थेंब जमले होते आणि तो ते पुसत नव्हता. पुढे बघण्यासारखं काही नाही, असा बहुधा त्याचा निष्कर्ष झाला होता. पुण्यात रस्ता ओलांडताना माणसांच्या ओळखी होतात, कारण वेळ भरपूर मिळतो.

“पाऊण तास!” पूर्वा समोरून जाणाऱ्या बसला म्हणाली.

“पन्नास मिनिटं,” शेजारचा म्हणाला.

“काय?”

“मला पन्नास मिनिटं बसवलं. साडेतीनची वेळ देऊन बाई जागेवर नाहीत.”

“माझाही माणूस जागेवर नव्हता. साडेतीनचीच वेळ. काही लोकांना ना, जबाबदारी नावाचा प्रकारच—”

“शिपाई म्हणाला, मॅडम मीटिंगला गेल्यात. मी म्हटलं, मीटिंग माझ्याशीच आहे. तर म्हणाला, मग तुम्ही इथे काय करताय?”

पूर्वाला हसू आलं आणि अर्ध्यावर थांबलं. असं तर्कशुद्ध बोलणारा शिपाई जगात एकच होता, तिच्या ऑफिसातला शंभू. तिने शेजाऱ्याच्या काखेतल्या फाइलकडे पाहिलं. तिच्या फाइलवर लिहिलं होतं, ‘शिक्षण जाळे व संशोधन जाळे : संयुक्त मार्ग-धोरण’. त्याच्या फाइलवर तेच होतं, फक्त संशोधन आधी.

“तुम्ही… लवाटे?”

“आणि तुम्ही जागेवर नसलेले.”

“बुद्धभूषण ओव्हाळ.” सावकाश, पूर्ण, एकही अक्षर न गिळता.

तिने फोनमध्ये नाव टाकलं. तो वाकून बघत होता. त्याच्या चष्म्यावरचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला.

“‘द्ध’ बरोबर आलाय,” तो म्हणाला. “लोक उलटा लिहितात. ध आधी आणि द मागून. बुद्ध पडतात.”

“मघाशी तुम्ही मला बाई म्हणालात.”

“तुम्ही मला बेजबाबदार म्हणत होतात. वाक्य पूर्ण झालं नाही, हा वाहतुकीचा दोष.”

सिग्नल हिरवा झाला. दोघंही सवयीने आपापल्या दिशेला निघाले, चार पावलांवर चूक लक्षात आली, आणि परत फिरेपर्यंत सिग्नल लाल झाला. त्यामुळे दुसरी भेटही दुभाजकावरच झाली.

*

पूर्वा कॉलेजांना जोडणाऱ्या शिक्षण जाळ्यात इंजिनिअर होती. तो प्रयोगशाळा आणि दुर्बिणी जोडणाऱ्या संशोधन जाळ्यात. दोन्ही ऑफिसं समोरासमोर. तिच्या खिडकीतून त्याच्या ऑफिसची गच्ची, गच्चीवरची टाकी आणि टाकीवरचा कावळा दिसायचा. पण ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात साधी ईमेल पाठवली, तर ती आधी मुंबईला जायची, तिथून समुद्राखालून सिंगापूरला, तिथे वळसा घेऊन परत मुंबईला, मग घाट चढून पुण्यात, समोरच्या इमारतीत. कॉलेजातल्या मुलांनी दुर्बिणीतून शनी मागवला, तर कडी आधी यायची आणि ग्रह मागून. कावळा मात्र थेट जायचा. कावळ्याला धोरण नसतं.

इंटरनेट म्हणजे हजारो जाळ्यांनी एकमेकांना मारलेल्या हाका. प्रत्येक जाळं शेजाऱ्याला सांगतं, ‘अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, इकडून या.’ शेजाऱ्याने ते ऐकायचं की नाही, हे ज्या नियमांनी ठरतं ते मार्ग-धोरण. ही दोन जाळी गेली नऊ वर्षं एकमेकांचं ऐकत नव्हती. कारण तांत्रिक होतं, असं सगळे सांगायचे. खरं कारण असं, की नऊ वर्षांपूर्वीच्या एका उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत एका संचालकांचं नाव छापायचं राहिलं होतं. संचालक निवृत्त झाले, पत्रिका रद्दीत गेली, पण सिंगापूर राहिलं.

आता वरून हुकूम आला होता : दिवाळीनंतरच्या रविवारी दोन्ही ऑफिसांमधली थेट वायर सुरू करा. त्याआधी नियम जुळवा. चव्वेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे ‘कारण’ नावाचा रकाना. लिहायचं काम ह्या दोघांचं.

दर मंगळवारी साडेतीनला, रस्त्याकडेच्या टपरीवर, कारण कुणाच्या ऑफिसात बसायचं ह्यावर वरिष्ठांचं एकमत होईना.

“ओळ सतरा,” पूर्वा म्हणाली. “‘इतर सर्व, स्वीकारावे.’ हे तुम्ही लिहिलंय?”

“हो.”

“इतर म्हणजे कोण?”

“ज्यांना नाव द्यायचं कुणाला जमलं नाही ते.”

“चालणार नाही. नेमकं लिहा. आपल्या धंद्यातला पहिला नियम काय?”

“नेमकं असेल ते जिंकतं,” तो शहाण्या मुलासारखा म्हणाला. “एकाने हाक दिली ‘पुणे इकडे आहे’, आणि दुसऱ्याने दिली ‘नारायण पेठ इकडे आहे’, तर नारायण पेठेचं पाकीट दुसऱ्याकडे जातं. पहिला कितीही मोठा असला तरी.”

“पाठ आहे की.”

“मग तुमचं नेमकं काय?”

“माझं?” तिने चहाच्या ग्लासात बघितलं. “नारायण पेठ. तिसरा मजला. लिफ्ट आहे, चालत नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी चालते.”

“मला चालेल,” तो म्हणाला. मग आपण काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले, आणि त्याने घाईघाईने बिस्किट बुडवलं ते चहात पडून गेलं.

सप्टेंबरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. कधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं, पण मसुद्याला सांगता आलं. आवृत्ती नऊ, ओळ बावीस, कारणाचा रकाना : ‘तू म्हणतेस ते बरोबर.’ पूर्वाचे वरिष्ठ संतोष सर चष्मा वर करून म्हणाले, “लवाटे, हे ‘तू’ कोण?”

“टायपो आहे सर.”

“‘म्हणतेस’पण टायपो?”

“तो पहिल्या टायपोला जुळवून घेतलेला आहे सर.”

सर गंभीरपणे पुढच्या ओळीकडे गेले. शासकीय कागदात सुसंगती असली की झालं.

एका मंगळवारी तिने त्याला विचारलं, “ओळ एकतीसमध्ये तुमच्या जाळ्याचा नंबर तीनदा का लिहिलाय?”

“तो मार्ग लांब दिसावा म्हणून. प्रत्येक जाळं जाता-येता आपला नंबर टाकतं, आणि ज्या मार्गावर नंबर कमी तो जवळचा. आपलाच नंबर तीनदा टाकला, की समोरच्याला वाटतं, बाप रे, केवढं लांब. मग तो दुसरीकडून जातो.”

“म्हणजे नाही म्हणणं.”

“नाही गं. नाही म्हणायचं असेल तर हाकच बंद करायची. हे म्हणजे… दुसरा कुठलाच रस्ता नसेल तर ये. बंद नाहीये. फक्त दुखतंय.”

“वायर दुखते?”

“भरलेली असते,” तो म्हणाला. “तेच ते.”

त्याच दिवशी, टपरीच्या पत्र्यावरचं पाणी मोजून ठिपकत असताना, त्याने नावाचं सांगितलं. “शाळेत बाईंनी हजेरीपटात नुसतं भूषण केलं. म्हणाल्या, जागा पुरत नाही. माझ्या खालच्या ओळीत व्यंकटनरसिंह होता. त्याला पुरली.”

पूर्वा हसली नाही. तोही हसवायला म्हणाला नव्हता.

“माझ्या आजोबांचं नाव लोकांनी ठेवलेलं. हाक मारायला सोपं आणि ऐकायला अपमान, असं. माझं मात्र त्यांनी स्वतः ठेवलं. आई सांगते, तीन दिवस विचार केला. म्हणून मी पूर्ण सांगतो. लांब आहे, मला माहितीय.”

“लांब नाहीये,” पूर्वा म्हणाली. “नेमकं आहे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. चष्मा पुसलेला होता, त्यामुळे त्याला सगळं दिसलं असणार.

*

पूर्वाच्या घरी दोघंच. ती आणि बाबा. आई जाऊन चार वर्षं झालेली. बाबांनी, म्हणजे संजय लवाटे यांनी, चौतीस वर्षं टपालाची छाननी केली होती. कुठलं पत्र कुठल्या गावच्या थैलीत, हे ते अक्षराच्या वासावरून सांगत. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि त्यांचाच झिजलेला रबरी शिक्का मिळाला : ‘अपुरा पत्ता’. शाल कपाटात गेली, शिक्का वापरात राहिला. नको असलेल्या पत्रकांवर, वीजबिलावर, नातेवाइकांनी पूर्वासाठी पाठवलेल्या स्थळांच्या माहितीपत्रकांवर ते शांतपणे ‘अपुरा पत्ता’ असा ठसा मारून परत पाठवत. त्यामुळे पूर्वाचं सत्ताविसावं वर्ष तसं निवांत गेलं.

पण पूर्वा त्यांना ओळखून होती. काकांच्या श्रद्धाने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा बाबा लग्नाला गेले, जेवले, आहेर दिला. ओरडले नाहीत. त्या दिवसापासून मात्र त्यांनी श्रद्धाचं नाव घेतलं नाही. तिचा विषय निघाला की ‘ती नाशिकची’ म्हणत. नाशिकला लाखो बायका असतील, पण त्या घरात ‘नाशिकची’ म्हणजे एकच, आणि तिला नाव नाही.

म्हणून पूर्वाने घरी जरा आवरतं सांगितलं होतं. आधी ‘ऑफिसातले एक’. मग बाबांनी दोनदा विचारल्यावर, ‘भूषण म्हणून आहेत’. खोटं काहीच नव्हतं. धंद्यात ह्याला समरी म्हणतात. दहा नेमके पत्ते एका मोठ्या, गोल पत्त्यात गुंडाळायचे. समोरच्याच्या यादीत गर्दी होत नाही. सगळे करतात.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, आणि पूर्वाला ताप. नेमकी त्याच गुरुवारी धोरणाच्या मसुद्यावर दोघांची शाई-सही हवी होती. पाच वाजता बुद्धभूषण कागद पिशवीत, पिशवी शर्टात घालून नारायण पेठेत तीन मजले चढून आला.

दार बाबांनी उघडलं.

“नमस्कार. मी बुद्ध—”

“अहो, भूषण ना? या, या. पूर्वा बोललीय. ऑफिसातले एक ते तुम्हीच!”

पूर्वा आतून शाल गुंडाळून आली, तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. पँटच्या टोकांतून पाणी फरशीवर ओघळत होतं. तो हसत होता, पण चष्मा पुसत नव्हता.

बाबांनी स्वतः चहा केला, आलं ठेचून. पावसाची, खड्ड्यांची, दोन्ही ऑफिसांच्या मूर्खपणाची चौकशी झाली. मग बशीत चहा ओतता ओतता, टपालवाल्याच्या सवयीने, बाबांनी विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

त्याने तोंड उघडलं.

“बाबा, चहा गार होतोय,” पूर्वा म्हणाली. “त्यांना सहाच्या आत परत पोचायचंय. कुठे सही करायची, इथे ना?”

वाफ निघत होती चहातून. तिघांनाही दिसत होती.

त्याने तोंड मिटलं, कागद पुढे केला, आणि चहा एका दमात प्यायला. भाजला असणार.

जिन्यात ती मागे धावली. “ऐक ना… बाबांना एकदम सगळं सांगितलं की ते—”

“तिथे हजेरीपट नव्हता,” तो हळू म्हणाला. “बाईंसारखं, जागा पुरत नाही, असंही कुणी म्हणालं नाही. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देत होतो, पूर्वा. माझं आडनाव. दोन अक्षरं आणि एक जोडाक्षर.”

“मी फक्त थोडं थांबून—”

“लवाटे, तुम्ही माझी समरी केलीत.”

‘तुम्ही’ म्हणाला. खाली रस्त्यावर पाऊस धो-धो परत चालला होता, जिथून आला होता तिथे.

*

त्यानंतर तो टपरीवर आला नाही. कामाच्या ईमेल मात्र वेळेवर यायच्या, सिंगापूरला जाऊन. विनम्र, मुद्देसूद, चुका नसलेल्या. फक्त खालची सही बदलली होती.

‘बुद्धभूषण ओव्हाळ
बुद्धभूषण ओव्हाळ
बुद्धभूषण ओव्हाळ’

संतोष सर म्हणाले, “त्यांच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय, कळवा त्यांना.”

पूर्वाने सही पुन्हा वाचली. तीनदा. दुसरा कुठलाच रस्ता नसेल तर ये. बंद नाहीये. फक्त दुखतंय.

दिवाळी गेली. बाबांनी एकदा चकली मोडता मोडता विचारलं, “ते भूषण आले नाहीत परत?” पूर्वाने हातातली चकली परत ताटलीत ठेवली. भूषण. इतक्या आपुलकीने म्हणाले ते, आणि ती आपुलकी कुणा तिसऱ्याच माणसासाठी होती. असा माणूस पुण्यात कुठे राहतच नव्हता.

रविवारी सकाळी वायर सुरू व्हायची होती. शनिवारी दुपारी पूर्वाने धोरणाची शेवटची आवृत्ती उघडली. चव्वेचाळीस ओळी. सतरावी अजून तशीच : ‘इतर सर्व, स्वीकारावे.’ तिनेच त्याला टोकलं होतं, आणि मग बिस्किटं आणि पाऊस यांच्या नादात विसरून गेली होती. तिने ती ओळ बराच वेळ वाचली. मग लॅपटॉप मिटला आणि बाहेरच्या खोलीत गेली.

बाबा टेबलाशी बसून एका स्थळाच्या माहितीपत्रकावर ठसा मारायच्या तयारीत होते.

“बाबा, ऑफिसातले एक, त्यांचं नाव भूषण नाहीये.”

“मग?”

“बुद्धभूषण. बुद्धभूषण ओव्हाळ. विश्रांतवाडीला राहतात. त्या दिवशी तुम्ही आडनाव विचारलंत ना, ते सांगत होते. मी सांगू दिलं नाही. चहा गार नव्हता झाला.”

बाबांचा हात शिक्क्यासकट हवेत राहिला.

“चहा गार नव्हता, ते मला दिसलं होतं,” ते म्हणाले.

“मला त्यांच्याशी… मला ते हवेत, बाबा. ऑफिसात नाही. म्हणजे ऑफिसातपण. पण मुख्य म्हणजे घरात.” ह्या वेळी तिने वाक्य पुरं केलं. “आणि तुम्ही त्यांना ‘विश्रांतवाडीचे’ म्हणायला लागलात, तर मला ते चालणार नाही. श्रद्धाताईला नाव आहे. मीही चार वर्षं ‘नाशिकची’ ऐकून घेतलं. ते माझं चुकलं.”

खाली कुणीतरी बंद लिफ्टचं बटण दाबत होतं. दाबत राहिलं. मग पायऱ्यांवर चपला वाजल्या.

बाबांची ही शांतता पूर्वाच्या ओळखीची होती. ती एकदा सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरून खाली वाण्याच्या दुकानापर्यंत ऐकू जाई. भिंतीवरच्या घड्याळात तीनाचे सव्वातीन झाले. बाबांनी शिक्का खाली ठेवला. ड्रॉवर उघडला. त्यातून एक कोरं पाकीट काढलं, शाईचं पेन काढलं, टोपण उघडून मागे लावलं.

“मधलं नाव?” ते म्हणाले.

“काय?”

“वडलांचं नाव. मधलं.”

“सीताराम.”

पेन कुरकुरलं. बाबांचं अक्षर वळणदार होतं, चौतीस वर्षं दुसऱ्यांची वाईट अक्षरं वाचून राखलेलं. “‘द’ला ‘ध’ ना?”

“हो. द आधी.”

“घर नंबर? गल्ली?”

तिला पाठ होतं. तिने सांगितलं. बाबांनी एकदा भुवई वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

“पिन कोड?”

पूर्वा रडायलाच लागली. शाई पडू नये म्हणून बाबांनी पाकीट बाजूला सरकवलं. “रडू नकोस. चार एक एक शून्य एक पाच. मला माहितीय, तुला माहितीय का ते बघत होतो.”

मग ते आत जाऊन काहीतरी लिहीत बसले, दार लोटून. अर्ध्या तासाने चपला घालून बाहेर पडले, आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले, “टाकलं.”

“काय लिहिलंत?”

“दुसऱ्याचं पत्र आहे,” बाबा म्हणाले. “विचारू नये.”

*

रविवारी सकाळी सहाला रस्ता रिकामा होता आणि थंडी नवीकोरी. पूर्वा आपल्या खिडकीशी, तो समोरच्या. मधे टाकी, कावळा, मेट्रोचा खांब. फोन स्पीकरवर, कारण दोन्हीकडे वरिष्ठ बसलेले.

“संशोधन जाळं तयार,” तो कोरडेपणाने म्हणाला.

“शिक्षण जाळं… एक मिनिट. ओळ सतरात बदल आहे. ‘इतर सर्व’ काढलंय. सगळ्यांची नावं घातलीत, एकूण एक. तुमची संमती हवी.”

कळफलकाचा आवाज आला. मग थांबला. तो वाचत होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : ‘नाव सांगितले. घरी. पूर्ण.’

“लवाटे,” संतोष सर मागून वाकून म्हणाले, “हे कारण तांत्रिक आहे का?”

“हो सर.”

समोरच्या खिडकीतल्या आकृतीने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

“संमती आहे,” तो म्हणाला.

वायर सुरू झाली. जिथे पाकिटाला समोर पोचायला एकशे ऐंशी लागायचे, तिथे आकडा आला दोन. दोन मिलिसेकंद. सरांनी पेढ्याचा पुडा उघडला. नऊ वर्षांचं सिंगापूर संपलं आणि सिंगापूरला कळलंसुद्धा नाही.

“परतीचा मार्ग तपासा,” पूर्वा म्हणाली. “जाणं थेट असलं म्हणजे येणं थेट असतंच असं नाही.”

“पाठवतो.”

तिच्या स्क्रीनवर ईमेल आली. आत मजकूर काही नव्हता. खाली सही होती.

‘बुद्धभूषण’

एकदाच.

*

पाकीट बुधवारी पोचलं. नारायण पेठ ते विश्रांतवाडी, चार दिवस. ते खरोखरच सिंगापूरला जाऊन आलं असतं तरी इतका वेळ लागला नसता.

ते वाचून तो तडक तिच्या ऑफिसकडे निघाला. तीही, काहीच माहीत नसताना, त्याला टपरीवर न्यायला म्हणून त्याच्या ऑफिसकडे निघाली. त्यामुळे भेट अर्थातच दुभाजकावर झाली.

“तुझ्या बाबांनी मला अहो-जाहो लिहिलंय,” तो म्हणाला. पाकीट त्याने दोन्ही हातांत धरलं होतं.

“दुसऱ्याचं पत्र आहे, मी वाचणार नाही.”

“मी वाचतो, तू ऐक.” त्याने घसा साफ केला. “‘श्री. बुद्धभूषण सीताराम ओव्हाळ यांस. येत्या रविवारी दुपारी जेवायला यावे. मागील खेपेस आडनाव विचारले होते, उत्तर ऐकायचे राहिले. ते आपल्या तोंडून ऐकायचे आहे. मी जुना माणूस आहे, मला वेळ लागेल. तो किती, हे आज सांगता येत नाही. जेवण मात्र साडेबाराला असते. आमची श्रद्धाही नाशिकहून येणार आहे. कळावे. ता.क. लिफ्ट चालत नाही.’”

बस गेल्या, रिक्षा गेल्या. पूर्वाने ते पुन्हा म्हणून बघितलं. ‘आमची श्रद्धा.’

“आणि हे बघ.” त्याने पाकीट उलटं केलं.

मागच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, बाबांचा शिक्का उमटला होता. ‘अपुरा पत्ता’. त्यातला पहिला ‘अ’ शाईच्या पेनाने, एकाच सरळ रेषेत, खोडलेला होता.

सिग्नल हिरवा झाला.

“कुठल्या बाजूला?” त्याने विचारलं.

तिने त्याच्या ओल्या नसलेल्या बाहीला धरलं, आणि दोघं, आयुष्यात पहिल्यांदाच, एकाच दिशेने रस्ता ओलांडू लागले.